बारा रात्रींचा तक्ता

युरोपला जायचं ठरलं ते २०२४ च्या दिवाळीत, फराळाची ताटं पुढ्यात असताना. थोरल्याची दहावी मार्चमध्ये संपणार होती. त्यानंतर दोन वर्षं अकरावी-बारावी, क्लास, प्रवेशपरीक्षा. म्हणजे जायचं तर २०२५ च्या मे महिन्यातच. नवऱ्याला रजा मिळणार होती बारा रात्रींची.

आधी टूर कंपनीचाच विचार होता. घरी माहितीपत्रक आणलं, मुलांसमोर ठेवलं. थोरल्याने त्यातला ‘सहा-सात-आठ’ हा शब्द वाचला. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. “सुट्टीत?” एवढंच तो म्हणाला आणि चकलीकडे वळला. धाकटी तेरा वर्षांची, तिने आकडेमोड केली: पॅरिसमध्ये दीड दिवस, त्यातला अर्धा बसमध्ये. मग आपणच आखू, असं मी म्हणून बसले.

मी आखलेला पहिला तक्ता आजही फोनमध्ये आहे. अॅमस्टरडॅम २, ब्रुसेल्स १, पॅरिस ४, स्वित्झर्लंड २, व्हेनिस १, रोम २. बारा रात्री, पाच देश, सहा हॉटेलं. मला त्याचा फार अभिमान वाटत होता. टूर कंपनीवर नाक मुरडून मी तिचाच कार्यक्रम घरी तयार केला होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिला दणका पासपोर्टने दिला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. थोरल्याचा संपत होता ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांतून, बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो. आम्ही परतणार ४ जूनला, म्हणजे सप्टेंबरपर्यंत हवा. थोडक्यात हुकलं. सराव परीक्षा चालू असताना जानेवारीत त्याला घेऊन मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तो मागितला. मुलं असतील तर विमानाच्या तिकिटांआधी पासपोर्टांच्या तारखा बघा. मी उलटं केलं होतं.

दुसरा दणका व्हिसाचा, आणि तो मी स्वतः ओढवून घेतलेला. शेंगेनचा व्हिसा एकच असतो, पण अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. माझ्या तक्त्यात पॅरिस चार रात्रींनी पुढे होतं, म्हणून फ्रान्ससाठी मुंबईच्या केंद्रातली २६ मार्चची वेळ घेतली. मार्चअखेर अशासाठी, की बारा वर्षांवरच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला होता. फी माणशी ९० युरो. निम्मी सवलत बारा वर्षांखालच्यांना, म्हणजे आमच्याकडे कुणालाच नाही.

अर्जाबरोबर दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कुठल्या गावी झोपणार, हॉटेलच्या बुकिंगसकट. तोवर आमच्या घरात ‘बघू’, ‘तेव्हाचं तेव्हा’ असं चाललं होतं. आता प्रत्येक रात्रीसमोर एक गाव लिहिणं भाग होतं. मी तक्ता सगळ्यांना फोनवर उघडून दिला आणि प्रत्येकाला एक रंग दिला. माझा हिरवा, नवऱ्याचा निळा, थोरल्याचा लाल, धाकटीचा पिवळा. ज्याला जे हवं ते त्याने आपल्या रंगात लिहायचं. आठवड्याभरात तक्ता रंगपंचमीसारखा झाला.

लाल रंगात आलं: “एका दिवशी एकच म्युझियम. सकाळी नऊच्या आत काही नाही. दर दोन दिवसांनी बॅग भरणार नाही.” पिवळ्यात: “ऑर्से म्युझियम नक्की, व्हॅन गॉगची चित्रं.” निळ्यात फक्त “डोंगर.” हिरव्यात बाकीचं जग.

मी दोन दिवस रुसून बसले, मग हिशोब मांडला. अॅमस्टरडॅमच्या दोन रात्री धरल्या तरी स्टेशन, सामान, चेक-इन यात त्यातला एक दिवस जाणार. चार माणसांची तिकिटं वेगळी. व्हॅन गॉगसाठी म्हणावं तर तो पॅरिसमध्येही भेटतो. अॅमस्टरडॅम, ब्रुसेल्स, व्हेनिस खोडलं. व्हेनिस खोडताना हात थांबला होता, खोटं कशाला बोला. नवा तक्ता असा: पॅरिस ३, स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन ५, रोम ४. तीन देश, तीन घरं.

सगळे खूश. मी बुकिंगं फिरवली, नवं पत्र लिहिलं, कागद लावले. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, रजेचं पत्र, शाळेचं बोनाफाइड, मुलांचे जन्मदाखले, आम्हा दोघांच्या सह्यांची संमतिपत्रं, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. २६ मार्चच्या तीन दिवस आधी थोरला तक्त्याकडे बघत म्हणाला, “आई, आता जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत. मग आपण फ्रान्सकडे का चाललोय?”

घरात इतकी शांतता बऱ्याच दिवसांनी पसरली होती.

तो बरोबर होता. फ्रान्सची वेळ रद्द केली, भरलेलं सेवाशुल्क बुडालं. स्वित्झर्लंडसाठी मिळाली ती ९ एप्रिलची वेळ. साधारण पंधरा दिवस लागतात, पण कधी ४५ पर्यंतही जातात आणि आमचं विमान २२ मेला. ते तीन आठवडे मी दारावरच्या प्रत्येक कुरियरवाल्याला नवऱ्याच्या आधी गाठत होते. २९ एप्रिलला चारही पासपोर्ट शिक्क्यासकट आले. तेव्हापासून तक्त्याची मालकी माझ्याकडून थोरल्याकडे गेली, कुणी न सांगता.

मग मी कामंच वाटून टाकली. थोरल्याकडे गाड्या. त्याने शोधलं, की स्विस ट्रॅव्हल पास आई-वडिलांनी काढला तर सहा ते पंधरा वयाच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट प्रवास. धाकटी फुकट. तो जानेवारीत सोळा वर्षांचा झालेला, त्याला तरुणांचा पास विकत घ्यावा लागला. “चार महिन्यांनी पैसे गेले” हे धाकटीने त्याला किती वेळा ऐकवलं ते मोजलं नाही. धाकटीकडे म्युझियमं. अठरा वर्षांखालच्यांना लूव्र, ऑर्से, कोलोसियम सगळीकडे प्रवेश फुकट, हे तिने मोठ्या दिमाखात जाहीर केलं. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद, हेही तिनेच तक्त्यात भरलं. माझी मोनालिसा मात्र मतदानात पडली. शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून पोहोचलो त्याच संध्याकाळी मुलं खोलीत झोपलेली असताना आम्ही दोघं २२-२२ युरो भरून जाऊन आलो. गर्दीत तिच्या कपाळाचं दर्शन झालं.

रोमचं प्रकरण वेगळंच गुंतागुंतीचं. २०२५ हे कॅथलिकांचं जुबिली वर्ष, म्हणजे यात्रेकरूंची गर्दी आधीच. त्यात २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले, नव्या पोपच्या निवडीसाठी व्हॅटिकनमधलं सिस्टीन चॅपल बंद झालं. ८ मेला निवड झाली तेव्हा आमच्या घरात धाकटीने टाळ्या वाजवल्या; तिचं सिस्टीन चॅपल वाचलं होतं. शिवाय १ जून हा महिन्यातला पहिला रविवार आणि २ जून इटलीचा प्रजासत्ताक दिन. दोन्ही दिवशी कोलोसियम फुकट, आणि २ तारखेला तर त्याच्याच समोरच्या रस्त्यावर संचलन. फुकट असूनही ते दोन दिवस टाळून ३ जूनचं तिकीट काढलं. मग २ तारखेला काय? धाकटी म्हणाली, “व्हॅटिकन. तो वेगळा देश आहे, त्यांना इटलीची सुट्टी कशाला?” म्युझियमच्या वेळापत्रकात पाहिलं, खरंच उघडं होतं.

एवढं सगळं जुळलं आणि ७ मेच्या पहाटे साडेतीनला थोरल्याने मला हलवून उठवलं. मला वाटलं पोट दुखतंय. “इंटर फायनलला गेली!” इंटर म्हणजे मिलानचा फुटबॉल क्लब, थोरल्याचा लाडका. चॅम्पियन्स लीगच्या फायनलला, बार्सिलोनाला जादा वेळेत हरवून. फायनल ३१ मेला म्युनिकमध्ये, आणि त्याच दिवशी आम्ही लाउटरब्रुनेनहून मिलानमार्गेच रोमला जाणार होतो. त्याला ती एक रात्र मिलानमध्ये हवी होती. टीव्हीवर बघायची, पण इंटरच्या गावात.

व्हिसाचा प्रश्न नव्हता. स्वित्झर्लंडच्या पाच रात्री तशाच राहत होत्या. रोमच्या घरमालकाने एक रात्र कमी करून दिली. हॉटेलं शक्यतो फुकट रद्द होणारी घ्यायची, ही माझी एकच अट पहिल्यापासून होती, ती इथे कामाला आली. तक्त्यात ३१ मेची चौकट लाल झाली.

सामान भरताना सासूबाईंनी साजूक तुपाची बरणी आणून ठेवली. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे, हे त्यांना पटवणं व्हिसापेक्षा अवघड गेलं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे मात्र गेले, आणि लाउटरब्रुनेनच्या स्वयंपाकघराने आमचे निदान दोनशे युरो वाचवले.

तक्त्यात नव्हतं ते एकच: अकरावीचा प्रवेश. दहावीचा निकाल १३ मेला लागला. ऑनलाइन अर्ज सुरू झाले २६ मेला, म्हणजे आम्ही पॅरिसहून बाझेलच्या गाडीत बसलो त्या दिवशी. लाउटरब्रुनेनच्या घराच्या खिडकीबाहेर तीनशे मीटरवरून कोसळणारा धबधबा, आणि आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर पुण्यातल्या दहा कॉलेजांचा पसंतीक्रम लावतोय. ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर. नवऱ्याने हट्टाने त्याच्या सिमवर रोमिंग घेतलं होतं, मी पैसे वाया गेले म्हणून कुरकुरले होते. त्याने ओटीपी वाचून दाखवताना माझ्याकडे बघितलंही नाही, हे त्याचं मोठेपण.

त्याच मुक्कामात २८ मेला डोंगररांगेपलीकडच्या ब्लाटेन गावावर हिमनदी कोसळली. गाव आधीच रिकामं केलेलं होतं. आम्हाला तिथे काही जाणवलं नाही, पण सासूबाईंनी बातमी पाहिली आणि फोनवर त्या रडल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी तक्त्याचा फोटो त्यांना पाठवू लागलो, आज इथे झोपतोय म्हणून.

मिलानला आम्ही ३१ तारखेच्या दुपारी उतरलो. सगळीकडे निळ्या-काळ्या पट्ट्यांचे शर्ट, थोरल्याच्या अंगावरही तोच. रात्री नऊला सामना सुरू झाला. इंटर पाच-शून्य हरली. परत येताना रस्त्यावर लोक होते आणि आवाज नव्हता. एका आजोबांनी थोरल्याच्या शर्टकडे बघून त्याच्या खांद्यावर थोपटलं, इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. तो मान हलवत राहिला, सगळं कळल्यासारखा.

खर्च सगळा मिळून आठ लाखांच्या आसपास गेला. परतल्यावर मी तक्ता बंद करायला उघडला तर धाकटीने खाली एक ओळ वाढवली होती. पिवळ्यात: “देश: व्हॅटिकन. रात्री: ०. एकूण देश: ४.” त्याखाली लाल रंगात उत्तर होतं: “झोपलो नाही तर मोजायचा नाही. व्हिसावाल्यांना विचार.”