किकापूच्या खोऱ्यात चार दिवस: हरणाआधी वारा

शिकागोहून मॅडिसनमार्गे निघालं की चार-साडेचार तासांत विस्कॉन्सिनचा नैऋत्य कोपरा येतो. हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून सरकल्या नाहीत, म्हणून इथे धारा, सोंडा, खिंडी आणि घळी शाबूत आहेत. सह्याद्रीत भटकलेल्याला हा नकाशा लगेच वाचता येतो. ला फार्जजवळ किकापू नदीवरचं धरण १९७५ साली अर्धवट राहिलं. त्यासाठी घेतलेली सुमारे ८,६०० एकर जमीन आता किकापू व्हॅली रिझर्व्ह आहे आणि तिचा कारभार राज्य व हो-चंक नेशन (इथल्या मूळ रहिवाशांचं राष्ट्र) मिळून पाहतात. धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. हा मुक्काम नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला, म्हणजे व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांच्या नरांच्या ऐन माजातला.

१ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी-सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. मचाणाचे नियम जमिनीगणिक बदलतात, त्यामुळे ती रात्रभर झाडावर ठेवता येईल असं गृहीत धरू नका.

पहिल्या संध्याकाळी नवखे कुठे बसतात हे गाडीतूनच कळतं: मक्याच्या शेताच्या कडेला. तिथे पाऊलवाटा दिसतात, नरांनी खुरांनी उकरलेली माती दिसते. पण त्या बहुतेक खुणा रात्रीच्या. मोठा नर तिथे पोचतो तोवर काळोख पडलेला असतो, आणि उतरणारा शिकारी चरणाऱ्या कळपाला उधळतो. तीन संध्याकाळी असं झालं की ती जागा संपली. मुरलेला शिकारी एका झाडावर लागोपाठ बसत नाही. पहिली बैठक सर्वांत मोलाची, कारण तोवर तिथे माणसाचा वास नसतो.

दुसऱ्या दिवशी वायव्येचा वारा होता. अशा वाऱ्यात नर आग्नेयेच्या आडोशाला, उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, बहुधा सोंडेच्या टोकाशी बसतो. पाठीमागचा वास वारा आणतो, खालचा वास उन्हाने तापून वर चढणारी हवा आणते, आणि दरी डोळ्यांसमोर असते. त्याच्यावर चाल करून जाणं व्यर्थ. माजात नर माद्यांचा वास घेत एका सोंडेवरून दुसरीवर जातात, तेव्हा खिंड किंवा घळीचा माथा धरा. आपला वास उभ्या कड्यावरून बाहेर जाईल असं झाड निवडा. ओढ्याच्या पात्रातून चढा आणि उजाडण्याआधी पाऊण तास जागेवर असा.

पहाटे गार हवा घळीतून खाली वाहते, उतार तापला की उलटते, आणि संध्याकाळी सावली पडताच पुन्हा खाली येते, सूर्यास्ताची वाट पाहत नाही. हे समजायला मिल्कवीडचा कापूस न्या. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं, त्याच्या म्हाताऱ्या तशाच तरंगतात. वारा पाहायची भुकटीची बाटली हाताजवळचा वारा दाखवते; म्हातारी साठ-सत्तर यार्डांपर्यंत काय होतं ते दाखवते. ती हरणाच्या वाटेकडे वळली तर निमूट उतरा.

सामानात अनुभवाने भर कमी, कपात जास्त होते. कायद्याने ३० पौंड ओढीचं (दोरी ताणायला लागणाऱ्या जोराचं) धनुष्य चालतं, तरी नवखा ७० पौंडांचं घेतो आणि उणे चार अंशांत तीन तास बसल्यावर त्याला दोरी ओढता येत नाही. ५५ ते ६० पौंड, सुमारे ४५० ग्रेनचा (२९ ग्रॅमचा) बाण आणि त्याच्या टोकाला धारदार स्थिर पातं पुरतं. सराव त्याच पात्याने, जाड जाकीट घालून, उंचीवरून करा. हार्नेसची (झाडावरून पडू नये म्हणून अंगावर बांधायच्या पट्ट्यांची) दोरी जमिनीवरूनच अडकवा. धनुष्य नंतर दोरीने वर ओढून घ्या.

२५ यार्डांपलीकडे नवख्याने बाण सोडूच नये. हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं हवं. समोरून तोंड करून असेल तर थांबा. बाण सेकंदाला २७० फूट जातो, आवाज सुमारे १,१०० फूट. म्हणून सावध हरीण दोरीचा आवाज ऐकून खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरा.

खरी कसोटी बाण लागल्यावर. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस: अर्धा तास थांबा. काळपट लाल म्हणजे यकृत: चार तास. बाणावर हिरवट घाण आणि आंबूस वास म्हणजे पोट: आठ ते बारा तास. घाईने मागे लागलं की बसलेलं हरीण उठतं, रक्त थांबतं आणि माग हरवतो. बहुतेक हरवलेली हरणं अशीच जातात. साखळीला बांधलेला माग काढणारा कुत्रा विस्कॉन्सिनमध्ये चालतो, पण त्याला बोलवण्याआधी रक्ताच्या वाटेवर पाय फिरवू नका.

मिळालेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते. हा रोगट हरणांचाही भाग आहे: सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदूचा प्राणघातक रोग) राज्यात २००२ साली सापडला. नमुना तपासायला द्या, मांस हाडांवरून सोडवून बर्फात न्या, आणि डोकं-कणा राज्याबाहेर नेण्याआधी दोन्ही राज्यांचे नियम पाहा. कपडे गाडीत टाकण्याआधी झटका. चार अंशांच्या वर गोचिडी नोव्हेंबरातही हिंडतात.