बोरालचे तळे आणि लालबाजारातली तारशहनाई

कोलकात्यात मी पाच दिवस राहिले. व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि कॉलेज स्ट्रीट एवढे सगळे पाहून झाले, दमट हवेने आणि गर्दीने जीव मेटाकुटीलाही आला, पण त्याविषयी इतरांनी आधीच लिहिले नसेल असे माझ्यापाशी काही नाही. मी तिथे गेले होते ती एका आवाजासाठी.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा बंगाली चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो आवाज सांगावा लागणार नाही. परगावी कमाईला गेलेला हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. वादळाने घराची पडझड झालेली असते आणि मुलगी दुर्गा वारलेली असते, पण हे त्याला ठाऊक नसते. तो ओसरीवर बसून बायकोसाठी, सर्वजयेसाठी, आणलेले पोळपाट-लाटणे दाखवतो, लक्ष्मीची तसबीर दाखवतो, आणि मग दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हातात देतो. ती साडी तोंडाशी धरून ती कोसळते. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचे तोंड रडताना दिसते, पण रडणे ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारसप्तकात गजाने वाजवायचे एक तंतुवाद्य टाहो फोडते. ते वाद्य तारशहनाई, वाजवणारे दक्षिणामोहन ठाकूर, संगीत पंडित रविशंकरांचे आणि राग पटदीप.

पटदीप म्हटले की आमच्या घरात एकच गोष्ट आठवते. ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक 1931 साली रंगभूमीवर आले, त्यातले वझेबुवांनी बांधलेले आणि मास्टर दीनानाथांनी गायलेले ‘मर्मबंधातली ठेव ही’ हे पद आई स्वयंपाक करताना गुणगुणत असे. गंधार (ग) भीमपलासी रागासारखाच कोमल, पण निषाद (नी) शुद्ध, एवढाच काय तो वेगळेपणा, हे मला तिनेच शिकवले. त्या पदातला निषाद आपल्या दिमाखात षड्जाकडे झेपावतो. पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा तोच निषाद एका आईच्या तोंडून असा फुटलेला ऐकून मी सुन्न झाले होते, आणि घरी येऊन पेटीवर ते स्वर पुन्हा पुन्हा तपासले होते, कारण हा तोच राग आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता.

बोराल हे कोलकात्याच्या दक्षिण टोकाचे गाव, आता शहराचाच भाग झालेले. ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाला 1952 साली सुरुवात झाली आणि पैसे संपत, पुन्हा जमत, ते पुढे जवळजवळ तीन वर्षे रेंगाळले. आगगाडी पाहायला मुले धावतात तो काशफुलांचा, म्हणजे पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवताचा, माळ बोरालचा नाही, तो वर्धमानच्या वाटेवरील पालसितजवळचा आहे. पण घर, वाट आणि तळे बोरालचे. कवि नजरुल स्थानकावर मेट्रोतून उतरून मी शेअर रिक्षा पकडली. हरिहरच्या घराची खूण शोधत गेले तर चहूकडे चार-चार मजली इमारती आणि कर्कश हॉर्न. कुणाच्या राहत्या घरात डोकावणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून एका तळ्याच्या काठी जाऊन बसले. चित्रपटातले तळे हेच, असे मला तिथे कुणीच खात्रीने सांगू शकले नाही. शेजारच्या घरातील आजींनी मात्र न मागता पाणी आणि बत्तासे आणून दिले आणि मी कुठून आले याची चौकशी केली. मुंबईहून केवळ तळे पाहायला आले हे कळल्यावर त्यांनी आणखी दोन बत्तासे हातावर ठेवले. त्या पाच दिवसांत महागड्या हॉटेलातदेखील मला असे अगत्य भेटले नाही.

तिथेच माझ्या मनाचा विरस झाला. तरुणांचा एक घोळका आला, त्यांनी स्पीकरवर चित्रपटाची ती बासरीची धून मोठ्याने लावली आणि पाच-सहा वेळा तीच वाजवत चित्रफिती काढल्या. त्यांची हौस मी समजू शकते, पण या संगीताचा जीव त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शांततेत आहे. मिठाईवाला खांद्यावर कावड घेऊन डुलत चालला आहे, त्याच्या मागे दुर्गा, तिचा धाकटा भाऊ अपू आणि कुत्रा, आणि सगळ्यांची उलटी सावली तळ्यात, एवढ्या साध्या दृश्याला सतारीचे चार हलके तुकडे पुरतात, कारण त्याआधी बराच वेळ फक्त गाव ऐकू येत असते. ती सतार रविशंकरांची नाही हे पुष्कळांना ठाऊक नसते. रविशंकरांना कार्यक्रमांच्या धावपळीत सवड नव्हती. त्यांनी चित्रपट अर्धामुर्धाच पाहिला आणि जवळपास सगळे संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केले. जे राहून गेले त्यातला हा तुकडा छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी स्वतः सतार वाजवून भरून काढला. अपूच्या पुढच्या दोन्ही चित्रपटांना रविशंकरच होते, रायांच्याच ‘जलसाघर’ला विलायत खाँ आणि ‘देवी’ला अली अकबर खाँ, 1961च्या ‘तीन कन्या’पासून मात्र सत्यजित राय आपल्या चित्रपटांचे संगीत स्वतःच करू लागले. रायांचे ते संगीत मोजूनमापून बेतलेले आहे आणि मला आवडतेही, पण त्या एका रात्रीच्या घाईत जे उतरले ते मला त्यात पुन्हा सापडलेले नाही.

बोरालहून मी खिन्न होऊन परतले. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून रवींद्र सरणीवर लालबाजारजवळ वाद्यांच्या दुकानांची रांग आहे तिकडे गेले. बहुतेक दुकानांत गिटार आणि हार्मोनियम. एका अरुंद दुकानात एक म्हातारे कारागीर काका एसराजाला, म्हणजे गजाने वाजवायच्या एका तंतुवाद्याला, नवे कातडे चढवत बसले होते. मी मोडक्या बंगालीत तारशहनाईविषयी विचारले तेव्हा त्यांनी हातातले काम खाली ठेवले, “बोसो मा” (बस, बाळ), म्हणाले आणि माळ्यावरून एक कापडात गुंडाळलेले वाद्य काढले.

तारशहनाई म्हणजे मुळात एसराजच. तोच लांब दांडा, तेच धातूचे पडदे, तोच गज. फरक घोडीपाशी आहे. तिथे जुन्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्ससारखी एक पातळ चकती बसवलेली असते आणि तिच्यातून एक छोटा पितळी कर्णा बाहेर निघतो. तारेचे कंपन चकतीला मिळते आणि कर्ण्यातून ते सनईसारखे टोकदार होऊन बाहेर पडते. या वाद्याचा कर्णा एका बाजूला चेपलेला होता. काकांनी गजाला राळ घासली, तिची पांढरी पूड त्यांच्या धोतरावर पडली, आणि कुठला राग वाजवू असे त्यांनी विचारले.

मी पटदीप म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. चित्रपटाचे नावही मी घेतले नव्हते. खालून हळूहळू चढत, गंधार-मध्यम-पंचमावर थांबत, ते निषादावर आले आणि तिथेच गज रोखून राहिले. रस्त्यावरचा सगळा गलका त्या आवाजाने भेदून टाकला. मला वाटले होते की पडद्यावरचा तो टाहो ध्वनिमुद्रणातल्या करामतीने इतका तीव्र झाला असेल. पण तो त्या चकतीत आणि कर्ण्यातच होता. दक्षिणामोहनांची सर त्याला नव्हती, हात कापत होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. पैसे विचारले तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मी तिथूनच आईला फोन लावला आणि काकांना पुन्हा वाजवण्याची विनंती करून फोन कर्ण्यासमोर धरला. वादन संपल्यावर आई थोडा वेळ काही बोलली नाही.

“पटदीपच आहे,” ती शेवटी म्हणाली, “निषादही शुद्धच आहे. पण आपल्याकडे तो असा लागत नाही गं. त्यांना म्हणावं, तेवढाच निषाद परत एकदा लावा.”

मी काकांना ते बंगालीत कसे सांगावे याचा विचार करत होते, तोवर त्यांनी गज उचललेला होता.