ट्रायथलॉनची तयारी आणि एका दाखल्यात गेलेले पाच आठवडे

ईसीजीच्या मशीनमधून कागद बाहेर आला. टेक्निशियननं तो फाडला आणि न बघताच माझ्या हातात दिला. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘ॲबनॉर्मल ईसीजी’. त्याखाली दोन ओळी, सायनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे हृदयाचे ठोके कमी, आणि लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड. मिनिटाला ठोके ४४. तीनच दिवसांपूर्वी मी १४० किलोमीटर सायकल चालवून, उतरल्या उतरल्या आठ किलोमीटर धावलो होतो आणि घरी येऊन निवांत झोपलो होतो. शर्यतीला दहा आठवडे उरले होते.

माझी ही पहिलीच पूर्ण अंतराची ट्रायथलॉन. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, सगळं मिळून १७ तासांच्या आत. वय ४६. आधी अर्ध्या अंतराच्या दोन शर्यती केल्या होत्या, त्यामुळे तयारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठवड्याला दहा-बारा तास, पहाटे उठणं, रविवारी लांब राइड, ठरल्याप्रमाणे होत गेलं. अडकलो तो वैद्यकीय दाखल्यावर. हे लिहितोय तेही त्यासाठीच, कारण नाव नोंदवताना त्या रकान्याकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं.

बारा आठवडे उरले असताना आयोजकांचं आठवणीचं पत्र आलं : दाखला शर्यतीच्या सहा आठवडे आधी अपलोड करा. त्याच संध्याकाळी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. ते मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली आणि लेटरहेडवर लिहून दिलं, ‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त आहे.’ मी स्कॅन करून पाठवलं. सहा दिवसांनी उत्तर आलं : नामंजूर. कारणाच्या जागी फक्त ‘मजकूर अपुरा’. काय अपुरं आहे ते शोधायला मला नियमांची पुस्तिका तीनदा वाचावी लागली. दाखल्यात खेळाचं नाव हवं, म्हणजे ‘ट्रायथलॉन’ हा शब्दच हवा. ‘स्पर्धेत भाग घेण्यास वैद्यकीय हरकत नाही’ असं स्पष्ट हवं. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का, सही आणि तारीख हवी, आणि ती तारीख शर्यतीच्या दिवशी वर्षभरापेक्षा जुनी नको. चाळिशीच्या पुढच्यांना ईसीजीही जोडायचा होता. हे सगळं आठवणीच्या पत्रात चार ओळींत मावलं असतं. त्या चार ओळी न लिहिल्यामुळे माझे सहा दिवस गेले.

म्हणून माझा पहिला सल्ला : दाखल्याचा मजकूर आयोजकांच्या पुस्तिकेतून शब्द न् शब्द उतरवून घ्या, कोऱ्या कागदावर छापा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टरांना त्यात कमीपणा वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

ईसीजीसाठी एका तपासणी केंद्रात गेलो, आणि तिथे तो कागद हातात आला. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘चक्कर येते का? कुठल्या गोळ्या चालू आहेत?’’ नाही म्हणालो. ‘‘ठोके फार कमी आहेत. मशीन ॲबनॉर्मल म्हणतंय. मी सही करणार नाही.’’ मी म्हणालो, डॉक्टर, मी आठवड्याला बारा तास व्यायाम करतो. ते म्हणाले, ‘‘ते हृदयरोगतज्ज्ञांना सांगा. आणि तोवर जोराचा व्यायाम बंद.’’ तज्ज्ञांची वेळ मिळाली तेरा दिवसांनंतरची.

ते तेरा दिवस मला अजून टोचतात. योजनेतले सगळ्यात मोठे दोन आठवडे नेमके तेच होते. रात्री अंथरुणावर पडलो की बोटं मनगटावर जायची. ४४. ४३. एकदा ४१ मोजले आणि उठून बसलो. बायकोनं दिवा लावला. ‘‘उद्यापासून घड्याळ माझ्याकडे दे,’’ म्हणाली आणि खरंच काढून घेतलं.

राग येत होता आणि भीतीही वाटत होती. भीतीला कारण होतं. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले १९८५ ते २०१६ या काळातले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना एका अभ्यासात एकत्र केल्या आहेत. एकूण १३५ जण, त्यांतले ९० पोहताना. प्रमाण लाख स्पर्धकांमागे १.७४, म्हणजे कमीच. पण बहुतेक पुरुष, आणि सरासरी वय ४७ च्या आसपास. म्हणजे अगदी माझ्यासारखेच. हे वाचल्यावर दाखला मागणं चूक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मागायलाच हवा. माझी तक्रार आहे ती कागद वाचण्याचं काम मशीनवर सोडून देण्याबद्दल.

कारण मशीनचा तो शेरा सर्वसाधारण माणसाच्या मापानं छापलेला असतो. हे मला तज्ज्ञ मॅडमनी समजावलं. त्यांनी वरचा मथळा बोटानं झाकला आणि खालच्या रेघा वाचायला सुरुवात केली. मग खुर्चीवरून उठवून मला वीस उठाबशा काढायला लावल्या आणि लगेच नाडी धरली. ‘‘बघा, चढली की नाही भराभर?’’ वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा व्यायाम केला की हृदयाचे कप्पे थोडे मोठे होतात, भिंत थोडी जाड होते, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून विश्रांतीत कमी ठोके पुरतात. खेळाडूंचे ईसीजी कसे वाचायचे याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ साली प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत कमी ठोके आणि ईसीजीत नुसत्या उंच दिसणाऱ्या लाटा (ज्यांवरून मशीननं भिंत जाड असल्याचं छापलं होतं), दोन्ही गोष्टी व्यायामाचा परिणाम म्हणून धरल्या आहेत. ईसीजीतल्या ‘टी’ नावाच्या लाटा हृदयाच्या बाजूच्या रेघांत उलट्या दिसल्या असत्या, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असतं किंवा मला व्यायाम करताना भोवळ आली असती, तर गोष्ट वेगळी, असंही त्यांनी सांगितलं. तरीही वय बघून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालता-धावता काढलेला ईसीजी, करूच म्हणाल्या. मला ते पटलं.

इको त्याच दिवशी झाली. अंधारी खोली, डाव्या कुशीवर झोपायचं, बरगड्यांवर गार जेल. पडद्यावर माझी झडप उघडमिट करताना दिसत होती आणि मध्येच आवाज सुरू केला की रक्ताची सळसळ ऐकू यायची. भिंत ११ मिलिमीटर. १२ पर्यंत काळजी नसते, १३ ते १५ मध्ये बारकाईनं बघावं लागतं. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातून बाहेर पडणारं रक्त, ६० टक्के, तेही व्यवस्थित. तिथेच अर्धा जीव भांड्यात पडला.

ट्रेडमिल टेस्ट आठवड्यानं. ही मात्र नीट लक्षात ठेवा. ब्रूस नावाच्या नेहमीच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. २२० मधून वय वजा करून त्याच्या ८५ टक्के ठोके झाले की बऱ्याच ठिकाणी टेस्ट थांबवतात. माझे १४८ होत होते, आणि त्या ठोक्यांवर मी तासभर बोलत धावू शकतो. टेक्निशियननं बटणाकडे हात नेला तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, थांबवू नका, मॅडमना विचारा. त्यांनी पूर्ण थकेपर्यंत चालू ठेवायला सांगितलं होतं, पण ते चिठ्ठीवर लिहायचं राहून गेलं होतं. १४ मिनिटं ४० सेकंद गेलो, पाचव्या टप्प्यात. रेघा शेवटपर्यंत स्वच्छ. धावायचे बूट घेऊन जा, आदल्या दिवशी लांब राइड करू नका, आणि छातीवर केस दाट असतील तर घरूनच काढून जा. घामानं इलेक्ट्रोड सुटला की सगळं पहिल्यापासून.

दाखला हातात आला तो मी जिन्यातच दोनदा वाचला. ‘ट्रायथलॉन’ आहे, ‘स्पर्धेत’ आहे, शिक्का आहे, नंबर आहे. तारीख लिहायची राहिली होती, परत वर गेलो. तीन दिवसांनी नावापुढे हिरवी खूण आली. पहिल्या दिवसापासून ३३ दिवस झाले होते. मुदतीला नऊ दिवस बाकी.

बंदीच्या दिवसांत काय करायचं असं कुणी विचारलं तर : मी डॉक्टरांच्या परवानगीनं सावकाश पोहलो. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण शोधायची, हे तलावात कधी घोटलं नव्हतं, ते तेव्हा घोटलं. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा बकल लागलाच पाहिजे, नाहीतर दंड, ही सवयही घरात उभ्या उभ्याच बसवली. आणि गेलेले मोठे आठवडे नंतर भरून काढायला जाऊ नका. मी एका रविवारी १८० मारायला निघालो आणि पोटरी धरली, चार दिवस आणखी गेले.

शर्यत १३ तास ४२ मिनिटांत पूर्ण झाली. पोहायला १:२४, सायकल ६:५१, धावायला ५:१२, बाकी कपडे बदलण्यात. पाण्यात पहिल्या खुणेपर्यंत चहूबाजूंनी हातपाय लागत होते, छाती धडधडत होती. तेव्हा मला पडद्यावरची ती झडप आठवली, आणि मी श्वास लांब सोडत पुढचा हात टाकला.

सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावलेत, ईसीजीची मूळ प्रत सगळ्यात वर, कारण पुढच्या वर्षी तुलना करायला तीच लागेल. पुढच्या शर्यतीचे पैसे अजून भरलेले नाहीत. मॅडमची वेळ मात्र घेऊन ठेवली आहे.