टाच वळवताना

ग्वाल्हेरला डिसेंबरात धुके पडू लागले की आमच्या लष्कर भागातल्या गच्च्यांवर उन्हाला पाठ देऊन विणत बसलेल्या बायका दिसू लागतात, आणि गेली तीस वर्षे मी त्यांतलीच एक आहे. घरात आम्ही मराठी बोलत असलो तरी विणकाम मी शेजारणींकडून शिकले, त्यामुळे सुयांना सलाया आणि टाक्यांना फंदे म्हणायची सवय आजही सुटलेली नाही. स्वेटर आणि टोप्या यांवर हात इतका बसला होता की मोजपट्टी काढणे मला कमीपणाचे वाटे. समोरच्या माणसाच्या छातीकडे एकदा पाहायचे आणि टाके घालायचे, एवढेच माझे शास्त्र.

हा ताठा पुण्याच्या भाच्याच्या स्वेटरने उतरवला. त्याने स्वतः पसंत केलेला नमुना अमेरिकेतला होता आणि त्यात आठ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. माझ्या डब्यात आठ नंबरच्या सुया होत्या, त्यावर मी ९० टाके घालून पाठ विणून काढली. नमुन्याप्रमाणे ती ५० सेंटीमीटर रुंद व्हायची, ती जेमतेम ४१ भरली. अमेरिकन आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटरची सुई, आणि आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या इंग्रजी पद्धतीत आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटरची. शिवाय त्यांच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते, तर आपल्याकडे बारीक होते. हे मला तीस वर्षांत कळले नव्हते, कारण कळण्याची वेळच आली नव्हती. म्हणून यंदा नोव्हेंबरात जवळच चार शनिवारांची विणकाम कार्यशाळा होणार असल्याचे समजले, तेव्हा मी नाव दिले. विषय होता मोजा, आणि मोजा मी जन्मात विणला नव्हता.

आम्ही अकरा बायका होतो आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. पहिला पूर्ण शनिवार एका चौकोनात गेला. मी लगेच मोज्याचे टाके घालायला घेतले, तेव्हा माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "काकू, आधी चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा." चौकोन १५ सेंटीमीटरचा विणायचा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजायचे, कारण कडेचे टाके नेहमीच ओढलेले असतात. बारा नंबरच्या सुयांवर माझे २९ टाके आले. ताईंना ३२ हवे होते, म्हणून मला तेरा नंबर, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या सुया घ्याव्या लागल्या. काकांचे पहिल्याच खेपेला बरोबर ३२ आले आणि ते पुढचे तीन शनिवार सगळ्यांना कळत राहील, याची त्यांनी व्यवस्था केली.

मोजा पायापेक्षा साधारण दहाव्या हिश्शाने लहान ठेवतात, नाहीतर तो बुटात गोळा होतो. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या पावलाचा घेर २२ सेंटीमीटर भरला. त्यासाठी २० सेंटीमीटरचा मोजा, म्हणजे ६४ टाके. दोन्हीकडे टोके असलेल्या पाच सुया असतात. टाके चार सुयांवर वाटायचे आणि पाचवीने गोल विणत जायचे. एक सुई संपून दुसरी सुरू होते, तिथे माझ्या विणीत सैल टाक्यांची उभी शिडी पडू लागली. मी प्रत्येक सुईचा पहिला टाका जोर लावून ओढत होते; ताईंनी दुसरा टाका विणून झाल्यावर लोकर ओढायला सांगितली, आणि शिडी त्याच संध्याकाळी नाहीशी झाली.

खरी परीक्षा टाचेची होती. ६४ पैकी अर्धे, म्हणजे ३२ टाके घेऊन फक्त त्यांच्यावर ३२ ओळी मागेपुढे विणायच्या. त्यात सुलट ओळीला एक टाका न विणता सरकवायचा आणि एक विणायचा, म्हणजे टाचेचे कापड जाड होते आणि लवकर झिजत नाही. इथवर ठीक होते. मग १८ टाके विणायचे, दोन एकत्र, एक साधा, आणि ११ टाके डाव्या सुईवर तसेच ठेवून काम उलटायचे. ओळ अर्धवट टाकणे माझ्या हाताला मंजूरच नव्हते. दोनदा मी नकळत शेवटपर्यंत विणत गेले आणि तिसऱ्यांदा उसवताना टाचेआधीचे टाकेही सुटले. तेव्हा ताईंनी टाच सुरू करण्यापूर्वी सगळ्या टाक्यांतून शिवणाचा रंगीत दोरा ओवून ठेवायला शिकवले, म्हणजे कितीही उसवले तरी त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते. चौथ्या खेपेला प्रत्येक ओळीत थोडे पुढे जात, जिथे फट दिसते तिथले दोन टाके जोडत गेले, आणि सातआठ ओळींनंतर सपाट पट्टीच्या टोकाला लहान वाटीसारखा खोलगट आकार आला. मी त्यात अंगठा घालून पाहिला.

टाचेवर १८ टाके उरले, दोन्ही कडांमधून सोळा-सोळा उचलले आणि पावलावरचे ३२ मिळून ८२ झाले. ते एक फेरी सोडून एका फेरीत दोन या हिशेबाने नऊ वेळा कमी केले की पुन्हा ६४. हा हिशेब जुळला तेव्हा मला जे समाधान झाले ते स्वेटरने कधी दिले नव्हते. उचललेल्या कोपऱ्यात मात्र एक भोक राहिले, ते मी नंतर सुईदोऱ्याने बंद केले.

बोटांकडचे टाके ज्या जोडाने मिटवतात, त्याला किचनर म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात, ते लॉर्ड किचनर १९०२ ते १९०९ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते, पण त्यांनी स्वतः सुई धरली असेल असे तो जोड करताना क्षणभरही वाटत नाही. चारदा करूनही मला तो कागदासमोर बसूनच जमतो.

अण्णा सध्या उजव्या पायात माझा आणि डाव्या पायात विकतचा मोजा घालून उन्हात बसतात आणि रोज दुसऱ्याची चौकशी करतात. तो टाचेच्या विसाव्या ओळीवर आहे. रंगीत दोरा आधीच ओवला आहे.