पसरणी घाटात पाच मिनिटं कमी करताना

वाई सोडून चढ लागतो तिथपासून पाचगणीपर्यंत साधारण साडेअकरा किलोमीटर आणि पावणेसहाशे मीटर चढाई. सरासरी पाच टक्के. हा पसरणी घाट सायकलवर मला ५२ मिनिटं घेत होता, बारा आठवड्यांनी ४७ वर आला. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय फुकट गेलं, ते लिहितोय.

आधी हिशेब. पॉवर मीटर (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नसला तरी चालतं. स्वतःचं वजन अधिक सायकल, कपडे, बाटली असं एकूण वजन किलोत घ्या. त्याला ९.८१ ने आणि चढलेल्या मीटरने गुणा, लागलेल्या सेकंदांनी भागा. नुसत्या चढाला किती वॅट गेले ते कळतं. टायरचं घर्षण, हवा आणि चेन यांच्यासाठी वीस-पंचवीस टक्के वर धरा. माझं एकूण ७३ किलो होतं: १३२ वॅट चढाचे, सगळे मिळून १६० च्या आसपास. माझं स्वतःचं वजन ६४, म्हणजे किलोमागे अडीच वॅट. जागतिक दर्जाचा चढाईवाला अर्धा तास किलोमागे सहा वॅट देतो. याच गणिताने तो पसरणी बावीसेक मिनिटांत संपवेल, त्या वेगाला हवेचा वाढलेला विरोध धरला तर पंचवीस-सव्वीस. हा आकडा डोळ्यांपुढे असला की महागड्या चाकांचा मोह आपोआप ओसरतो.

पहिला बदल गिअरचा, आणि खरं तर तोच सर्वांत स्वस्त. पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रं, मागे ११ ते २८ दातांची, अशी जोडी होती. ९ टक्क्यांच्या तुकड्यावर माझा वेग ताशी आठ किलोमीटर, म्हणजे पुढे ३४, मागे २८ वर पायाचे मिनिटाला जेमतेम ५२ फेरे. मांड्या तिथेच भरून येतात. मागे ३४ दातांचं चक्र आलं की त्याच वेगाला ६३ फेरे पडतात. मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा जुडगा) म्हणजे कमजोरपणा असं आपल्याकडे अजून मानतात. युरोपातले व्यावसायिकसुद्धा आता डोंगरात मागे ३०–३४ दात लावतात.

पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर लहान पिंजऱ्याचा असेल तर बहुधा २८–३० दातांपर्यंतच पेलतो, ३४ साठी मध्यम पिंजऱ्याचा लागतो. चेनही नवी घ्यावी लागते. पुढचं मोठं आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांवरून, डिरेलरमधून न ओवता, चेन फिरवा. टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठं पडलं, तर डिरेलर ओढला जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा. डिरेलरमधली वरची छोटी चकती (जॉकी) आणि मोठं चक्र यांच्यात डिरेलरच्या बी-स्क्रूने पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा. आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू तपासलाच पाहिजे, नाहीतर ऐन चढावर चेन आऱ्यांत जाते.

सरावाची जागा यवतेश्वर. साताऱ्यात समर्थ मंदिरापासून वर सुमारे पाच किलोमीटर. मंगळवारी १२ मिनिटांचे दोन तुकडे, पुढे तीन; मध्ये पाच मिनिटं हलकं. जोर इतका, की तुटक चार शब्द बोलता येतील, वाक्य नाही. गुरुवारी चार-चार मिनिटांचे पाच तुकडे, मुद्दाम जड गिअरवर, बसूनच, ५५ फेऱ्यांनी. गुडघ्याची वाटी दुखली तर हे लगेच बंद. सीट खाली असली तर हाच सराव गुडघा बिघडवतो. रविवारी कासपर्यंत किंवा त्याहून लांब, तीन-चार तास, निवांत. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्मं. तो हलका आठवडा गाळला तर पाचव्यात पाय शिशाचे होतात. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा सहाच्या आत निघा.

वजनाबद्दल नीट लिहायला हवं, कारण नुकसान इथेच जास्त होतं. माझ्या वेगाला एक किलो कमी म्हणजे पसरणीत साधारण अर्धा मिनिट. भरलेली पाऊण लिटरची बाटली म्हणजे वीसेक सेकंद. बारा आठवड्यांत मी दोन किलो उतरवले, तेही फक्त हलक्या दिवसांच्या रात्रीचा भात कमी करून. मंगळवारी आणि रविवारी काहीही कापायचं नाही. चढाईवाल्यांची हाडं ठिसूळ होण्याचा धोका खरा आहे. सायकलमध्ये हाडांवर आदळआपट नसते, त्यात उपाशी शरीर. मुलींची पाळी थांबली तर ती चांगल्या तब्येतीची नव्हे, धोक्याची खूण. बिस्किटं तोलून खाणारी पोरं पाहिली की चिडायला होतं. सायकलचंही तेच. यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) शर्यतीत ६.८ किलोखालची सायकल चालतच नाही, आणि आपल्याकडच्या नऊ किलोच्या सायकलीचे दोन किलो काढायला लाख-दीड लाख सहज जातात.

प्रत्यक्ष घाटाच्या दिवशी: अडीच तास आधी पोहे आणि केळं, वाईत वीस मिनिटं पाय मोकळे. पाऊण तासाच्या चढाला वाटेत खायची गरज नाही. पुढे महाबळेश्वर करून मेढ्याकडे उतरायचं असेल तर मात्र तासाला ५०–६० ग्रॅम साखर-पिष्ट (कार्बोहायड्रेट) पोटात जायलाच हवं: राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, गूळ. कंदी पेढा नको, त्यातल्या तुपाने चढावर मळमळतं. अर्ध्या लिटर पाण्यात दोन मोठे चमचे साखर, पाव चमचा मीठ, लिंबू.

चूक होते ती पहिल्या दहा मिनिटांत. ताजे पाय, सपाटीची सवय. आपण ठरल्यापेक्षा वीस वॅट जास्त देतो आणि ते शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये व्याजासकट वसूल होतात. म्हणून पहिले दोन किलोमीटर ठरल्यापेक्षा पाच टक्के खाली, मधले ठरलेले, वळणांवर बाहेरची बाजू. आतून अंतर वाचतं पण चढ एकदम तीव्र होतो. उभं राहायचं असेल तर आधी एक-दोन दात जड करा, नाहीतर सायकल मागे झटका खाते आणि पाठीमागचा आदळतो.

व्यावसायिक चढाईवाल्याचं बरंचसं आयुष्यही असंच ठरलेला वेग धरण्यात जातं, फक्त दुसऱ्यासाठी. टूर द फ्रान्समध्ये डोंगरांचा किताब १९३३ पासून आहे, त्याची ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. सर्वांत अवघड श्रेणीच्या घाटावर पहिल्याला २० गुण, चौथ्या श्रेणीवर एकच. पण संघातले बहुतेक चढाईवाले त्या गुणांसाठी नसतातच. आल्प द्युएझसारख्या १३.८ किलोमीटरच्या, २१ वळणांच्या, ८.१ टक्के चढावर ते आपल्या नेत्यापुढे काही किलोमीटर ओढतात आणि बाजूला होतात. आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटाला ‘घाटांचा राजा’ असतो. तो मिळवणाराच पुण्यात पहिला येईल असं मात्र नाही.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. कार्बनची रिम तर बिघडूही शकते. वळणाआधी जोरात, मग सोडा. टायरमध्ये २५ मिलिमीटरला ८०–८५ पीएसआय पुरे. पावसाळ्यात पसरणीच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं आणि कठड्यावर माकडं. पिशवीतलं केळं वरच संपवून या.