पेज म्हणजे नेमकी कशी?

लकव्यानंतर बाबांना डिस्चार्ज मिळाला त्या दुपारी सिस्टरनी फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नुसतं पाणी पाजू नका, ठसका लागेल. सगळं पेजेसारखं घट्ट द्यायचं. समजलं ना?" मी म्हटलं, "होय." खाली गाडी उभी होती, दादा बिलाच्या रांगेत होता, आई व्हीलचेअरला धरून उभी होती. मला खरंच वाटलं की मला समजलं.

आमच्या देवगडकडच्या घरात पेज म्हणजे उकड्या तांदळाची. वाडग्यात वर दोन बोटं पाणी, खाली शितं, बाजूला लोणच्याची फोड. आजारी माणसाला तर वरचं पाणीच आधी देतात. सिस्टर घाटावरच्या होत्या. त्यांच्या मनातली पेज मऊ शिजवून घोटलेली, चमचा उलटा केला तरी सावकाश पडणारी. शब्द एकच होता, वाडगे दोन होते. दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही की पेज म्हणजे नेमकी कशी.

आम्ही बाबांना पाच दिवस पेजेचं पाणी पाजलं. मायेनं, चमच्या-चमच्यानं.

पण हे सगळं सुरू झालं ते एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात. सकाळी साडेसहाला खळ्यात पेट्या भरताना बाबांच्या उजव्या हातातून आंबा गळला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला, पुन्हा उजव्यात घेतला, पुन्हा गळला. मी हाक मारली तर तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. शेजारच्या काकी धावत आल्या, "अंगावरून वारा गेलो" म्हणाल्या आणि तेल गरम करायला वळल्या. दोन्ही हात वर करायला सांगितलं तर उजवा उठलाच नाही. आम्ही १०८ ला फोन केला.

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला, "त्रास कधी सुरू झाला?" मी आणि दादा एका आवाजात म्हणालो, "साडेसहाला." तेच लिहून घेतलं गेलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनमध्ये पाहिल्यावर. आमच्या हिशोबानं वेळ हातात होता. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर, आमच्याच जिल्ह्यातला असणार, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आईकडे गेला. तिला तोपर्यंत कुणीही काही विचारलं नव्हतं. तो तिच्यासमोर थोडा वाकला आणि म्हणाला, "काकी, काका तुमच्याकडे शेवटचे बरे कधी बोलले?"

आई म्हणाली, "रात्री धा वाजता. पाटे चाय घेतल्यानी ती डाव्या हातान. माका तेव्हाच बरा वाटूक नाय."

म्हणजे साडेसहाला आम्हाला दिसलं एवढंच. सुरुवात त्याच्या आधीची, रात्री दहानंतर कधीतरी. वेळ टळली होती आणि त्या वेळी ते इंजेक्शन देणं फायद्यापेक्षा धोक्याचं ठरलं असतं. "त्रास कधी सुरू झाला" आणि "शेवटचे धडधाकट कधी होते" या दोन प्रश्नांत केवढं अंतर आहे ते मला त्या दिवशी कळलं. आणि हेही, की घरातलं खरं उत्तर बऱ्याचदा मागे उभ्या असलेल्या बाईकडे असतं. इंजेक्शन मिळालं नाही याचं दुःख आहेच, पण त्या मुलानं आईला विचारलं म्हणून मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी 'अफेजिया' हा शब्द सांगितला, मराठीत वाचाघात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला असतो आणि तीच बाजू उजवा हात-पाय चालवते, म्हणून दोन्ही एकदम जातं. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरनं अशाच एका रुग्णाचा अभ्यास मांडला होता. त्या माणसाकडे 'टान' एवढंच अक्षर उरलं होतं, काहीही विचारलं तरी तो तेच म्हणे. आमच्या बाबांकडे 'होय' उरलं.

हे 'होय' फार फसवं निघालं. "जेवलात?" होय. "दुखतंय?" होय. "शुगर आहे का तुम्हाला?" होय. बाबांना मधुमेह कधीच नव्हता, पण एका पाळीच्या कागदावर तसं लिहिलं गेलं. मी योगायोगानं ते वाचलं म्हणून खोडलं गेलं.

एकदा रात्रीच्या सिस्टरनी विचारलं, "काका, एक ते दहामध्ये किती दुखतंय?" बाबा म्हणाले, "एक." मग म्हणाले, "दोन, तीन, चार..." आणि थेट दहापर्यंत गेले. सिस्टर घाबरल्या, दहा लिहिलं आणि वेदनेचं इंजेक्शन आणायला निघाल्या. बाबा मात्र शांत पडून होते, कपाळावर आठी नाही. पुढे कळलं की वाचाघातात ओळीनं पाठ असलेलं शिल्लक राहू शकतं. आकडे, वार, आरती, कधी शिवीही. ते आपोआप वाहतं. त्यातला एकच आकडा उचलून दाखवणं मात्र जमत नाही. बाबा उत्तर देत नव्हते, आकड्यांच्या उतारावरून घसरत होते.

आणि लोक ओरडायचे. वॉर्डात येणारा प्रत्येक जण, आमचे पाहुणे धरून, बाबांच्या कानाशी मोठ्यानं बोलायचा. त्यांचे कान ठणठणीत होते. नाहीतर त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे, "काय म्हणतायत आता? कळतं का काही?" बाबा डोळे मिटून घ्यायचे. ते झोपलेत असं आम्ही समजायचो. आता वाटतं, ते झोपलेले नसायचे.

घरी आणल्यावर पाचव्या दिवशी ताप चढला. मी डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटलं, "बाबांना बरं वाटत नाहीये हो." ते म्हणाले, पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू. त्यांनी याहून काय सांगायचं होतं? मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. आमच्या आशाताई, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्त्या, त्या वेळी घरात होत्या. त्यांनी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छातीचा भाता मोजला, थर्मामीटर पाहिला आणि मला पुन्हा फोन लावायला लावला. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. त्याप्रमाणे मी बोलले, "पंधरा दिवसांपूर्वी लकवा झालेला पेशंट, गिळताना त्रास आहे. आज ताप १०२, श्वास मिनिटाला ३२, खाताना छातीत घरघर. आम्ही आणू का आत्ता?" उत्तर एका क्षणात आलं, "लगेच आणा."

न्यूमोनिया होता. पेजेचं पाणी अन्ननलिकेऐवजी थोडं थोडं श्वासनलिकेत जात होतं. मी म्हटलं, ठसका तर फारसा लागत नव्हता. तेव्हा कळलं की अशा रुग्णाला ठसका न लागताही अन्न चुकीच्या वाटेनं जाऊ शकतं. मेंदूकडून खोकण्याचा निरोपच जात नाही. मी कॅन्टीनच्या मागे जाऊन पोटभर रडले. मग परत येऊन ठरवलं की आता पुरतं समजल्याशिवाय 'होय' म्हणायचं नाही.

या दुसऱ्या खेपेला एक स्पीच थेरपिस्ट मुलगी भेटली. बोलणं शिकवणारी माणसंच गिळण्याचंही बघतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं आधी बाबांशी ओळख करून घेतली, खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला, डाव्या बाजूला बसली. मग मला म्हणाली, "ताई, उद्या तुमच्या घरची पेज डब्यातून आणा. तुम्ही करता तशीच."

आणली. तिनं सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घेतली, खालचं तोंड बोटानं दाबलं, वरून पेजेचं पाणी १० मिलीपर्यंत भरलं, बोट काढलं आणि १० सेकंद मोजले. सिरिंज रिकामी झाली. मग तीच पेज शितांसकट मिक्सरमधून काढून, गाळून पुन्हा भरली. १० सेकंदांत थोडीशीच ओघळली, ८ मिलीच्या वर आत राहिली. "बाबांना सध्या ही चालेल," ती म्हणाली. गिळायला त्रास असलेल्यांसाठी पातळ-घट्टपणाची ० ते ७ अशी जगभर वापरतात ती मोजपट्टी आहे, ही चाचणी त्यातलीच. कुणाला कुठली पायरी चालेल हे तपासून ठरतं, हे तिनं दोनदा बजावलं.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली जी मला कुणी सांगितली नसती. तोंडात गेलेला चमचा पुन्हा वाडग्यात घातला की लाळेमुळे पेजेतला स्टार्च फुटतो आणि घट्ट पेज बघता बघता पाण्यासारखी होते. म्हणून वाढायचा चमचा वेगळा, भरवायचा वेगळा, आणि एका वेळी थोडीच वाढून घ्यायची.

सगळं झाल्यावर तिनं "समजलं ना?" विचारलं नाही. म्हणाली, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या सकाळी बाबांना पहिला घास कसा देणार, मला करून दाखवा." मी सांगायला लागले, ताठ बसवणार, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मग दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करणार नाही. मध्ये एकदा चुकले. ती रागावली नाही, तेवढंच पुन्हा सांगितलं. मग आईलाही करायला लावलं, कारण दुपारचं आईच भरवते. पाच मिनिटं गेली असतील. पहिल्या खेपेला ती पाच मिनिटं मिळाली असती तर नऊ दिवसांची दुसरी भरती टळली असती.

सिस्टरवर माझा राग नाही. एका पाळीला किती खाटा त्यांच्या अंगावर असतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१८ साली मांडलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्कच म्हटला आहे. समजेल अशी भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. आम्ही सगळे मराठीतच बोलत होतो.

बाबांच्या 'होय'वरही त्या थेरपिस्ट मुलीनं वाट काढली. एकच प्रश्न उलटसुलट विचारायचा. "चहा हवा?" होय. "चहा नको?" यालाही होय आलं तर ते उत्तर धरायचं नाही, वस्तू समोर धरायची. दादानं मोबाईलवर घरातलेच फोटो काढले, बाबांचा तांब्या, पंखा, संडासचं दार, खळ्यातली खुर्ची, कलमं, आई. बाजारातल्या तक्त्यावरचा परदेशी कमोड त्यांना ओळखू येत नव्हता, आमचं दार लगेच आलं. ते फोटो पुठ्ठ्यावर चिकटवले. विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजून थांबायचं. हे सगळ्यात अवघड. आईला आजही जमत नाही, ती चौथ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देते.

जूनच्या सुरुवातीला तपासणीला गेलो. नवे डॉक्टर होते, फाईल चाळत मला म्हणाले, "कसे आहेत? नातवंडं वगैरे ओळखतात?" मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांनाच विचारा. फक्त जरा थांबावं लागेल." त्यांनी फाईल मिटली. बाबांकडे वळून सावकाश म्हणाले, "काका, नातवंडं किती तुम्हाला?"

बाबांनी डावा हात मांडीवर ठेवला. "एक," म्हणाले. बोट उचललं. "दोन." माझं काळीज हललं, मला वाटलं आता दहापर्यंत जाणार. बाहेर पावसाची पहिली सर पत्र्यावर वाजत होती. डॉक्टर हलले नाहीत. "तीन... चार."

आणि थांबले. दादाचे दोन, माझे दोन.