बाईंची जानेवारी

तालुक्याच्या गावात जानेवारी म्हणजे बाईंचा महिना. बाई म्हणजे प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, आणि पुष्कळ गावांत त्याच महिला मंडळाच्या चिटणीस. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, पाठोपाठ शाळेचं गॅदरिंग, २६ तारखेचं झेंडावंदन आणि लेझीम, आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या मधला एखादा शनिवार मंडळाच्या तिळगूळ समारंभाचा. शनिवारच का, तर शाळा सकाळची. साडेअकराला वर्ग सुटला की बाई चारपर्यंत मोकळ्या. या सगळ्या कार्यक्रमांना जाजम शाळेचंच आणि हिशोबाची दोनशे पानी वहीही एकच.

गॅदरिंगचं गणित त्या वहीत आधी मांडलेलं असायचं. बारा नाच, प्रत्येकी पाच मिनिटं, मध्ये दोन मिनिटं पोरं आत-बाहेर करायला, म्हणजे जवळजवळ दीड तास. पहिली-दुसरीचे नाच सुरुवातीला, कारण आठनंतर ती पोरं मेकअपसकट झोपतात. एकच मुलगी लागोपाठ दोन नाचांत घ्यायची नाही, नऊवारी सोडून घागरा घालायला दोन मिनिटं पुरत नाहीत. कॅसेटच्या काळात प्रत्येक गाण्याला वेगळी कॅसेट असे. पेन्सिल घालून रीळ गाण्याच्या तोंडाशी आणून ठेवायची आणि वर नाचाचा क्रमांक चिकटवायचा. एकाच कॅसेटवर चार गाणी भरली की ऐन वेळी गाणं सापडत नाही, पोरं हात वर करून तशीच उभी राहतात आणि त्यातली एक तरी रडते. माईक शिट्टी मारायचा तो कर्ण्याचं तोंड माईककडे करून बांधल्यामुळे. कर्णे माईकच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे, एवढं मांडववाल्याला सांगायला बाईच जात.

समारंभाची खरी तयारी मात्र तिळाची. दीडशे बायका धरल्या तर एक किलो तीळ, एक किलो चिक्कीचा गूळ, अर्धा किलो दाणे, पाव किलो पंढरपुरी डाळं आणि शंभर ग्रॅम सुकं खोबरं. बोराएवढे लाडू वळले तर एकशे ऐंशीच्या वर होतात, बरोबर आलेल्या पोरांनाही पुरतात. तीळ मंद आचेवर, एका वेळी पाव किलोच. सगळे एकदम कढईत ओतले की तळचे करपतात, वरचे कच्चे राहतात, आणि करपलेल्या मूठभर तिळांनी अख्खी परात कडू होते. तीळ तडतडायला लागले, बोटांत चुरडून खमंग वास आला की लगेच ताटात काढायचे, गरम कढईत ते भाजतच राहतात.

पाकही पाव किलो गुळाचाच, चमचाभर तुपावर, पाणी न घालता. गूळ विरघळून फसफसून वर आला की थेंबभर पाक वाटीतल्या गार पाण्यात सोडायचा. पसरला तर कच्चा. गोळी झाली आणि ती वाटीच्या कडेवर टाकल्यावर टण वाजली की पाक झाला. कच्च्या पाकाचे लाडू संध्याकाळपर्यंत बसतात आणि एकमेकांना चिकटतात. पाक पुढे गेला तर लाडू दगड, आजीबाईंच्या दातांना जड. साधा गूळ आणला की गोळी नीट धरतच नाही, म्हणून वहीत ‘चिक्कीचा’ या शब्दाखाली दोन रेघा.

मिश्रण केलं की चौघीजणी परातीभोवती, हाताला पाणी लावून भराभर वळायचं. पाच-सात मिनिटांत ते आळतं, म्हणून तर पाव-पाव किलोचे घाणे. आळलंच तर परत कढईत घालून मंद आचेवर मिनिटभर, की पुन्हा वळतं. गरम लाडू डब्यात भरायचे नाहीत, वाफ धरते आणि वरून ओलसर होतात. हे वळण म्हणजे मंडळाची खरी बैठक. हात भाजत असताना निम्म्या गावाच्या बातम्या तिथे होत, आणि नवी सून त्या परातीशीच गावाची होई.

वाण डझनाने आणायचं, पुण्याच्या बोहरी आळीतून. दीडशे बायकांना तेरा डझन, म्हणजे सहा नग वर. दरवर्षी दोन-तीन फुटके निघतातच. साबणदाण्या, गाळणी, चहाचे चमचे, काही काळ प्लॅस्टिकच्या डब्या. वाण शेवटी, बाहेर जायच्या दारापाशी द्यायचं. आत येताना दिलं की उखाणे सुरू व्हायच्या आत अर्धं जाजम रिकामं. उलट हळदीकुंकू, मनगटावर अत्तर आणि गुलाबपाणी दारातच, तिघी मुलींकडे. गुलाबदाणीची भोकं आधी सुईने मोकळी करून ठेवायची, नाहीतर ती ऐन दारात तुंबते.

उखाण्याला मिनिटभर आणि आधी कुणी घेतलेला पुन्हा चालणार नाही, एवढाच नियम. त्यात शेजारणी एकमेकींना मागून शब्द पुरवत, आणि बाई ते ऐकूनही सोडून देत. संगीत खुर्चीला मात्र घडीच्या खुर्च्या नाहीत, शाळेच्या लाकडीच. घडीची खुर्ची दोघी एकदम बसल्या की मिटते.

पत्रिकेवर बाई ‘हळदीकुंकू’ लिहीत नसत, ‘तिळगूळ समारंभ’ लिहीत. ज्यांच्या घरी नवरा नव्हता त्या बायका पूर्वी लाडू वळायला येत आणि चारच्या आत घरी जात. नाव बदललं, दारात सगळ्यांना फूल आणि तिळगूळ मिळू लागला, आणि त्या बसायला लागल्या. पहिल्या वर्षी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. याचं मूळ सावित्रीबाईंकडे जातं. त्यांच्या महिला सेवा मंडळाने पुण्यात जानेवारी १८५२ मध्ये तिळगुळाचा कार्यक्रम केला, तेव्हा सर्व जातींच्या बायकांनी एकाच जाजमावर बसायचं असं आधीच ठरलेलं होतं. अध्यक्ष होत्या कलेक्टरच्या पत्नी. बाई जयंतीच्या भाषणात हे मुलांना सांगत आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या आयांना त्याच जाजमावर बसवत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी अशा बायांनी कुठलाही ठराव न करता कुंकवाचा करंडा सगळ्यांपुढे धरला होता. ज्यांना नको असे त्या मान हलवत, फूल घेत. सक्ती कशाचीच नव्हती.

सातला आवराआवर. जाजम दोघींनी टोकं धरून झटकायचं, कारण तिळाचे दाणे राहिले की रात्रीत मुंग्या लागतात, आणि सोमवारी पहिलीची मुलं त्याच्यावरच बसायची असतात. मग पराती, कढया मोजायच्या. प्रत्येकीच्या भांड्यावर नाव कोरलेलं, तरी दरवर्षी एखादी पळी उरते. ती शाळेच्या कपाटात ठेवायची आणि वहीत लिहायचं: पळी एक, पितळी, नाव नाही.